तो बाहेर आलाय हे आम्हाला व्हॉट्सॲपवर कळलं: गृहमंत्री आणि आमदारांना खुलं पत्र

मा. गृहमंत्री साहेब, आणि विधानसभा-विधान परिषदेतले सगळे आमदार,

नमस्कार.

याआधी तीन अर्ज करून झालेत, दोनांना उत्तर नाही, एकाला आलं ते पुढे सांगतेच. म्हणून आता उघडच लिहितेय की कैदी सोडताना त्याने ज्यांचा माणूस मारला त्या घराला आधी कळवा. कुणी वाचेल, पुढे पाठवेल, फिरत फिरत तुमच्या पीएच्या मोबाईलवर पोचेल. आपल्याकडे अर्जापेक्षा फॉरवर्ड लवकर पोचतो.

सप्टेंबर २०२१, गणपतीचे दिवस. आमच्या जुन्या चाळीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, चाळ पाडून टॉवर उभा राहतोय, माणसं नालासोपारा ते बदलापूर विखुरलीत, पण ग्रुप आहे आणि गल्लीतलं मंडळही आहे. त्या ग्रुपवर आरतीचा एक फोटो आला. मास्क हनुवटीवर ओढलेले आठ-दहा जण, हातात टाळ, आणि डावीकडून तिसरा तो. खाली कुणीतरी लिहिलेलं, भाऊ परत आला, पुढे तीन फटाके आणि एक हार.

वहिनीने तो फोटो मला पाठवला. सोबत एक शब्द नाही. आम्ही नणंद-भावजया रोज बोलतो, भाजी काय केली इथपासून सगळं, पण त्या दिवशी नुसता फोटो. मी लिहिलं, अगं जुना असेल, कुणीतरी आठवण म्हणून टाकला असेल. तिचा मेसेज आला, मूर्ती बघ. मूर्ती चार फुटांची होती. कोरोनात सरकारने सार्वजनिक गणपतीला चार फुटांची मर्यादा घातली होती ती २०२० आणि २०२१ लाच, त्याच्या आधी आमच्या मंडळाची मूर्ती कधी बारा फुटांच्या खाली आली नव्हती. म्हणजे फोटो ताजा होता. म्हणजे तो बाहेर होता.

तो म्हणजे कोण ते सांगते, नाव लिहीत नाही. २००९ च्या मार्चमध्ये त्याने माझ्या मोठ्या भावाला मारलं. मंडळाच्या वर्गणीच्या हिशेबावरून आधी बाचाबाची, मग दोन दिवस अबोला, आणि तिसऱ्या दिवशी रात्री जिन्याखाली चॉपर. त्याच्याबद्दल जास्त लिहायची माझी इच्छा नाही आणि ताकदही नाही. वहिनी गॅलरीत उभी होती, तिने सगळं बघितलं. भाचा अडीच वर्षांचा, आत झोपलेला.

कोर्टात केसचं नाव काय असतं माहितीये ना, महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुकतमुक. आमच्या भावाचं नाव त्यात कुठेच नाही, ते आत पंचनाम्यात, मयत म्हणून. वहिनी झाली फिर्यादी आणि साक्षीदार क्रमांक १. दोन दिवस तिची उलटतपासणी चालली, गॅलरीतला बल्ब किती वॅटचा होता, तुम्हाला चष्मा आहे का, नवऱ्याचं आणि आरोपीचं आधी पटायचं का, ती उभी राहून उत्तरं देत होती आणि तो दहा फुटांवर बसून तिच्याकडे बघत होता. २०१२ ला जन्मठेप झाली. सरकारी वकील बाहेर येऊन म्हणाले, ताई, केस तुमच्या साक्षीवर उभी राहिली. खरंच होतं ते. बाकीचे साक्षीदार, शेजारीच सगळे, आयत्या वेळी फितूर झाले होते. मी त्यांना दोष देत नाही, त्यांना त्याच जिन्याने जायचं-यायचं होतं.

तर शासनाची केस एका बाईने उभी केली, आणि निकाल लागल्यावर शासनाला त्या बाईचं काम उरलं नाही.

त्यानंतर आजवर शासन आमच्या दारात एकदाच आलं. २०१५ मध्ये. एक हवालदार संध्याकाळी चाळीत आले, वयस्कर होते, जिना चढून दम लागलेला. म्हणाले त्याने पॅरोल मागितलाय, आई सिरीयस आहे, तुमची काही हरकत? वहिनीने पाणी दिलं आणि विचार करायला पाच मिनिटं मागितली. आत स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिली. मी म्हटलं सरळ हरकत आहे म्हण. ती म्हणाली, म्हातारीने काय केलंय? ती कोर्टात प्रत्येक तारखेला यायची, मला बघून मान खाली घालायची. बाहेर आली आणि म्हणाली, येऊ दे, माझी हरकत नाही, फक्त आमच्या मजल्यावर येऊ नये. हवालदारांनी कागदावर लिहून घेतलं, सही घेतली. तो आला, आईला भेटला, तीस दिवसांनी परत गेला. आमच्या मजल्यावर पाऊल टाकलं नाही. ते तीस दिवस वहिनी झोपली नाही असं नाही, झोपली. कारण तिला माहीत होतं तो कधी येणार आणि कधी जाणार, भाच्याला शाळेत मी सोडत होते, कडी दोनदा बघत होतो, एवढंच.

साहेब, या पत्रातलं बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल पण हे नीट वाचा. जिच्या डोळ्यांदेखत नवरा गेला त्या बाईला विचारलं तर ती येऊ दे म्हणाली. विचारलं म्हणून म्हणाली.

त्यानंतर कुणी विचारलं नाही. २०१७ ला चाळ रिकामी झाली, आम्ही आधी ट्रान्झिट कॅम्पमध्ये, मग वहिनी भाच्याला घेऊन नालासोपाऱ्याला आणि मी लग्नानंतर भांडुपला होतेच. मधल्या काळात तो दोनदा संचित रजेवर येऊन गेला हे आम्हाला फार उशिरा, तेही तुकड्या-तुकड्यांत समजलं. पोलीस चौकशीला जुन्या पत्त्यावर गेले असणार, तिथे चाळीच्या जागी पत्र्याचं कुंपण, अहवालात लिहिलं असणार की फिर्यादी दिलेल्या पत्त्यावर मिळून आले नाहीत. हे माझे अंदाज आहेत, कारण तो अहवाल आम्हाला दाखवायला कुणी तयार नाही. पण मुंबईत राहणाऱ्या कुणालाही विचारा, पंधरा वर्षांत एकाच पत्त्यावर राहिलेली किती कुटुंबं आहेत? अर्धी गिरणगावची वस्ती रिडेव्हलपमेंटमध्ये गेली. खटल्याचा कागद मात्र खोली नंबर सतरा, दुसरा मजला, तिथेच बसलाय.

(संचित रजा म्हणजे फर्लो आणि अभिवचन रजा म्हणजे पॅरोल, हे शब्द मलाही आधी माहीत नव्हते. फर्लो कैद्याला ठराविक काळ शिक्षा भोगल्यावर मिळते, त्याला खास कारण लागत नाही, पॅरोलला कारण लागतं. दोन्ही १९५९ च्या नियमांनी चालतात. एवढी वर्षं जुन्या नियमांत अधूनमधून दुरुस्त्या होत आल्यात.)

मग आला कोरोना. मे २०२० मध्ये तुमच्याच सरकारी खात्याने एक अधिसूचना काढली, १९५९ च्या नियमांत आपत्कालीन पॅरोलची तरतूद घातली, की सात वर्षांपेक्षा जास्त शिक्षा असलेला कैदी आधीच्या दोन रजांवरून वेळेत परत आला असेल तर त्याला ४५ दिवस सोडायचं आणि साथ चालू आहे तोवर मुदत वाढवत जायची. मी त्या निर्णयाच्या विरोधात नाही. आर्थर रोड जेल १९२६ ला बांधलेलं, मंजूर क्षमता हजाराच्या आत आणि आत माणसं तिच्या तिप्पट-चौपट, एका बरॅकमध्ये एक खोकला की संपलं. माणूस आहे तो पण. आणि तो खरोखर वेळेवर परत जाणारा कैदी होता, त्यातही वहिनीच्या त्या सहीचा थोडा वाटा आहे असं मला गमतीने वाटतं. गंमत कसली म्हणा.

पण ४५ दिवसांचं झालं दीड-दोन वर्षं. २०२२ च्या मे महिन्यात सरकारने त्यांना परत बोलावलं तोवर तो बाहेर. त्यातलं पहिलं वर्षभर आम्हाला पत्ताच नाही. वहिनी लॉकडाऊनमध्ये त्या भागात रेशन आणायला जात होती कारण कार्ड अजून तिकडचं. आणि भाचा, जो तोवर चौदा वर्षांचा घोडा झालेला, तो दर वर्षी त्या मंडळात आरतीला जातो, हट्टाने जातो, कारण त्याच्या बाबांचं मंडळ. २०२० ला पण गेला होता. भाचा त्या माणसाच्या शेजारी उभा राहून टाळ वाजवून आला असेल का? आम्हाला माहीत नाही. त्यालाही माहीत नाही, त्याने तो चेहरा कधी बघितलेलाच नव्हता. फोटो बघून म्हणाला, आई, या काकांनी मला मोदक दिला होता बहुतेक. बहुतेक. त्या बहुतेकवर माझी वहिनी अजून अडकून बसलीये.

मग मी माहिती अधिकारात अर्ज टाकला. तीन साधे प्रश्न, सदर कैदी कधीपासून बाहेर आहे, कधी परत हजर व्हायचंय, त्याच्यावर काय अटी आहेत. उत्तर आलं की मागितलेली माहिती त्रयस्थ व्यक्तीची खासगी माहिती असल्याने देता येत नाही. त्रयस्थ! मी तो कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून ठेवलाय. ज्याने आमच्या घरातला माणूस जिन्याखाली मारला तो आम्हाला त्रयस्थ. कोण अधिकारी, कुठलं ऑफिस हे मी लिहीत नाही, त्या माणसाने नियमात बघून जे होतं ते लिहिलं असेल, नियमच तसा असेल तर त्याला बोलून काय उपयोग, म्हणून तर तुम्हाला लिहितेय.

नंतर मी कायदा वाचायला लागले. मी काही वकील नाही, एका सीएच्या ऑफिसात अकाउंट्स बघते, पण जीएसटीची परिपत्रकं वाचून वाचून मला आता कुठलीही सरकारी भाषा पचते. आणि वाचल्यावर जास्त राग आला, कारण आपल्या कायद्यात पीडित माणूस नाहीच असं नाहीये. आहे. मधेमधे आहे. २००८ च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत पीडित या शब्दाची व्याख्या आली, त्यात वारसही आले, ती ३१ डिसेंबर २००९ ला लागू झाली. आरोपी सुटला तर पीडिताला अपील करता येतं. नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून आली, त्यात तर तपास कुठवर आलाय हे ९० दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचं असं कलम १९३ मध्ये लिहिलंय, मोबाईलवर कळवलं तरी चालेल असंही लिहिलंय. सरकारला एखादा खटला मागे घ्यायचा असेल तर कलम ३६० म्हणतं आधी पीडिताचं म्हणणं ऐका. २०२२ मध्ये लखीमपूरच्या, शेतकऱ्यांच्या अंगावर गाडी घातल्याच्या केसमध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की तपासापासून अपील संपेपर्यंत प्रत्येक टप्प्यावर पीडिताला ऐकून घेतलं जाण्याचा हक्क आहे.

अपील संपेपर्यंत. आणि अपील संपलं की?

की कलम ४७३. शिक्षेत माफी, मुदतपूर्व सुटका. जुन्या संहितेतलं ४३२ तेच इकडे आलंय. त्यात सरकारला शिक्षा देणाऱ्या कोर्टाच्या न्यायाधीशाचं मत मागवता येतं. न्यायाधीशाचं मत, ठीक आहे. पण ज्या घरातला माणूस गेला त्या घराचा त्या कलमात उल्लेख नाही. म्हणजे पोलीस तपास करतायत हे आम्हाला कळवायचं, सरकार केस मागे घेतंय तर आम्हाला विचारायचं, आणि शिक्षा मधेच संपतेय तेव्हा मात्र आम्ही कोण? त्रयस्थ.

आणि हे करता येत नाही असं कुणी सांगू नका, कारण एका कायद्यात हे आधीच आहे. ॲट्रॉसिटी कायद्यात, २०१५ च्या दुरुस्तीने कलम १५-अ घातलं, जानेवारी २०१६ पासून लागू आहे, त्यात स्पष्ट लिहिलंय की जामीन, सुटका, पॅरोल यावरच्या सुनावणीत पीडिताला किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्यांना म्हणणं मांडायचा हक्क आहे, आणि कार्यवाहीची वेळेवर नोटीस मिळायचाही. पॅरोल हा शब्द आहे त्यात. लिहून ठेवलेलं प्रत्यक्षात किती होतं ते त्या केसेस लढवणारी माणसं तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं सांगतील, कागदावर हक्क असूनही त्यांना कोर्टात जाऊन भांडावं लागतं, तरी निदान भांडायला कागद तरी आहे. आम्हाला तोही नाही.

आता बिल्किस बानोचं प्रकरण. ते गुजरातचं म्हणून तुम्ही हात झटकाल म्हणून मुद्दाम लिहिते. २००२ चा गुन्हा गुजरातमधला, दंगलीत तिच्यावर सामूहिक बलात्कार आणि तिच्या घरच्यांचे खून, पण तिथे धमक्या यायला लागल्या म्हणून सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये खटला मुंबईला आणला. जानेवारी २००८ मध्ये मुंबईतल्या विशेष कोर्टाने अकरा जणांना जन्मठेप दिली, २०१७ मध्ये मुंबई हायकोर्टाने ती कायम केली. आणि १५ ऑगस्ट २०२२ ला गुजरात सरकारने त्यांच्या १९९२ च्या धोरणाखाली त्या अकराही जणांना सोडलं, गोध्र्याच्या तुरुंगाबाहेर हार घातले, पेढे भरवले. मुंबईच्या न्यायाधीशांनी तर सोडू नका असं मत दिलं होतं. आणि त्या बाईने नंतर जाहीर सांगितलं की हा निर्णय घ्यायच्या आधी तिच्या सुरक्षिततेची कुणी चौकशीसुद्धा केली नाही. मला ते वाचताना आमचा ग्रुप आठवला, तो फोटो, तो हाराचा इमोजी.

८ जानेवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाने ती सुटका रद्द केली. कारण काय दिलं ते महत्त्वाचं आहे: खटला महाराष्ट्रात चालला, शिक्षा महाराष्ट्रात झाली, तर माफीचा निर्णय घ्यायचा अधिकार महाराष्ट्र सरकारचा, गुजरातचा नाही. म्हणजे तो चेंडू आता तुमच्या अंगणात आहे साहेब. पुढेमागे ते अर्ज तुमच्याच टेबलावर येणार. तेव्हा तुम्ही त्या बाईला विचारणार का? कुठल्या नियमाखाली विचारणार? आज नियम नाही, कुणा अधिकाऱ्याच्या मनात आलं तर विचारेल.

दगडी चाळ आमच्यापासून चालत जायच्या अंतरावर होती, म्हणून अरुण गवळींच्या सुटकेच्या बातम्या आमच्याकडे जरा जास्तच वाचल्या जातात. २००७ मध्ये एका नगरसेवकाचा खून, २०१२ ला जन्मठेप, आमच्या केसचंही वर्ष तेच. २०२४ च्या एप्रिलमध्ये नागपूर खंडपीठाने वयस्कर कैद्यांसाठीच्या २००६ च्या धोरणाप्रमाणे मुदतपूर्व सुटकेचा विचार करा म्हटलं, सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली, मग २०२५ मध्ये जामीन. एवढ्या सगळ्या चर्चेत कुठलं धोरण लागू, २००६ चं की नंतरच्या दुरुस्तीचं, यावर सगळे टीव्हीवर तासन् तास बोलत होते. धोरण आरोपीच्या वयाचा विचार करतं, आजारपणाचा करतं, तुरुंगातल्या वागणुकीचा करतं. करावाच. पण त्यात अजून एक ओळ मावली असती की.

मला माहितीये लगेच काय म्हणणार. पीडितांच्या घरच्यांना विचारत बसलो तर एकही कैदी सुटणार नाही, सगळे बदल्याच्या भावनेनेच बोलतील. आमच्या वहिनीचं उदाहरण वर दिलंय, पण ते बाजूला ठेवा, समजा सगळे नाहीच म्हणाले. म्हणू देत. मी नकाराधिकार मागत नाहीये. निर्णय तुमचाच, तुमच्या समितीचा, न्यायाधीशांचा. जो माणूस चौदा-पंधरा वर्षं आत राहिला, सुधारला, म्हातारा झाला, त्याला आमच्या रागापायी मरेपर्यंत डांबून ठेवा असं मी म्हणणार नाही, आणि सगळ्या कैद्यांना सडवा म्हणणाऱ्या कुणी माझं हे पत्र आपल्या पोस्टला जोडू नये ही विनंती. आपल्या तुरुंगांत दर चारपैकी तीन जण तर अजून कच्चे कैदी आहेत, ज्यांचा गुन्हा सिद्धच झालेला नाही, गरिबाला जामिनाचे पंधरा हजार भरता येत नाहीत म्हणून आत. त्यांचा राग काढायचा तो माझ्यावर काढू नका. माझं म्हणणं एवढंच की तुम्ही सोडा, पण आधी सांगा, आणि सोडताना आमचं म्हणणं तुमच्यासमोरच्या फाईलमध्ये एक कागद म्हणून असू द्या.

दुसरं म्हणतील, पीडितांना कळवलं तर कैद्याच्याच जिवाला धोका, ते जाऊन सूड घेतील. हा मुद्दा मला पटतो थोडा. म्हणून तो कुठे राहणार ते सांगू नका ना. तारीख सांगा, आणि कुठल्या भागात त्याने यायचं नाही ते सांगा. आमचा नवा पत्ताही त्याच्या कागदात कुठे दिसू देऊ नका, कारण अर्जाच्या प्रती त्याच्या वकिलाकडे जातात.

बाहेर देशात हे जुनं झालं. अमेरिकेत केंटकी राज्यात लुईव्हिल म्हणून शहर आहे, तिथे १९९३ च्या डिसेंबरमध्ये एका मुलीला तिच्या जुन्या मित्राने तिच्या एकविसाव्या वाढदिवशी गोळ्या घातल्या. तो तिच्यावर अत्याचार केल्याच्या आरोपाखाली आत होता, जामिनावर सुटला, आणि तो सुटल्याचं तिला कुणी कळवलं नव्हतं. त्यानंतर वर्षभरात तिथे अशी सिस्टीम बसवली की कैदी बाहेर पडला की नाव नोंदवलेल्या पीडिताला आपोआप फोन जातो. १९९४ मध्ये, लँडलाईनच्या काळात. आज तिकडच्या बहुतेक राज्यांत ती आहे. इंग्लंडमध्ये गंभीर गुन्ह्यातल्या पीडिताला एक ठराविक अधिकारी नेमून दिलेला असतो, तो सुटकेच्या वेळी फोन करतो आणि अमुक भागात त्याला येऊ देऊ नका अशी अट पीडिताला मागता येते. आमच्या वहिनीने २०१५ ला हवालदारांना तोंडी तेच सांगितलं होतं, आमच्या मजल्यावर येऊ नये. दहावी झालेली बाई, तिला न शिकवता सुचलं.

आणि आपल्याकडे तंत्रज्ञान नाही म्हणू नका. तुरुंगांची सगळी नोंद ई-प्रिझन्सवर आहे. कैद्याच्या नातेवाइकाला ऑनलाईन मुलाखत बुक करता येते, ई-मुलाकात नावाने, चांगली सोय आहे, गरीब बायकांच्या खेपा वाचतात. केंद्राने २०२३ मध्ये राज्यांना आदर्श कारागृह कायदा पाठवला, त्यात रजेवरच्या कैद्याच्या अंगावर इलेक्ट्रॉनिक ट्रॅकर लावायचीसुद्धा सोय आहे. म्हणजे तो कुठे फिरतोय हे उपग्रहाने बघायची तयारी आहे, आणि वहिनीला एक एसएमएस पाठवायची नाही. सिलेंडर निघाला की मेसेज येतो. रविवारच्या मेगाब्लॉकची बातमी शुक्रवारपासून येते. बँक तर चौदा रुपये कापले तरी कळवते.

याला नवीन मोठा कायदा लागतो असंही नाही. १९५९ चे नियम एका अधिसूचनेने बदलतात हे २०२० च्या मे महिन्यात बघितलं आम्ही. २०१६ मध्ये पण बघितलं. वडाळ्यात २०१२ मध्ये एका तरुण वकील मुलीचा तिच्याच इमारतीच्या वॉचमनने खून केला, त्याला जन्मठेप झाली, २०१६ मध्ये तो पॅरोलवर बाहेर आला आणि पळाला, २०१७ मध्ये काश्मीरमध्ये सापडला. तो पळाल्यावर एवढा आरडाओरडा झाला की त्याच वर्षी रजेचे नियम कडक केले. नियम कडक करणं सोपं असतं, कैद्याची बाजू घ्यायला सभागृहात कुणी उठत नाही. पण कडक करून आमच्यासारख्यांचं काय झालं? ज्यांना खरी गरज होती अशा कित्येक कैद्यांची रजा अवघड झाली असेल, आणि आम्ही आहोत तिथेच. कडक नको आहे मला. कळवा.

कसं, ते मी जेवणाच्या सुट्टीत बसून लिहून काढलंय, माझ्या परीने. शिक्षा झाली त्याच दिवशी कोर्टातच पीडिताला विचारा की पुढे कळवलेलं हवंय का. नको म्हणणारेही असतात, त्यांना पुन्हा ते नाव ऐकायचंच नसतं, त्यांना सोडून द्या. हवं म्हणणाऱ्याचा मोबाईल नंबर घ्या, पत्ता नाही, नंबर, आणि तो बदलायची सोय ठेवा, तालुक्याच्या कुठल्याही कोर्टात किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात, म्हणजे परत त्याच पोलीस स्टेशनला जायला नको जिथे आरोपीच्या ओळखीचे लोक चहा पीत बसलेले असतात. मग रजा मंजूर झाली, तो बाहेर पडला, परत आला, परत आला नाही, दुसऱ्या जेलला हलवला, पळाला, मेला, सुटला, या सगळ्याचा मेसेज. पळाला तर रात्री दोन वाजता फोन करा, सकाळची वाट बघू नका. आणि मुदतपूर्व सुटकेची फाईल हलायला लागली की निदान महिनाभर आधी आम्हाला लेखी म्हणणं द्यायला सांगा, वाटलं तर समोर बोलवा, आणि निर्णय झाल्यावर त्यात एका वाक्यात लिहा की यांचं म्हणणं वाचलं आणि या कारणाने मानलं किंवा नाही मानलं. अकाउंट्सच्या भाषेत सांगायचं तर एंट्री पाहिजे, नॅरेशनसकट.

हे पत्र आत्ताच का, तर मागच्या महिन्यात जुन्या शेजारणीचा फोन आला. त्याच्या घरी पोलीस चौकशीला येऊन गेले म्हणे, सुटल्यावर कुठे राहणार, सांभाळणार कोण, असलं काहीतरी विचारत होते. म्हणजे फाईल फिरतेय. २०१० चं राज्य सरकारचं परिपत्रक आहे, कुठल्या प्रकारच्या खुनाला किती वर्षांनी सोडायचं याचे त्यात वर्ग पाडलेत, मी बोट ठेवून ठेवून आमचा खून कुठल्या वर्गात बसतो ते शोधलं, माणूस काय काय करतो बघा. वहिनीला अजून सांगितलेलं नाही. नाही, खोटं कशाला बोलू, सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, त्याचं वय झालं असेल आता, पन्नाशीचा असेल. मग थोड्या वेळाने म्हणाली, पोराचं कॉलेज दादरला आहे, त्याला यायला-जायला दुसरी वेळ मिळेल का ते बघ ना.

तिला यावेळी विचारलं तर ती काय सांगेल मला खरंच माहीत नाही. येऊ दे म्हणेल, नाही म्हणेल, परत पाच मिनिटं मागेल. पत्ता तीनदा बदललाय, पण नंबर २००९ चाच आहे, तोच जो फिर्यादीच्या कागदावर पहिल्या पानावर आहे, भावाने घेऊन दिलेलं सिम म्हणून तिने बदललं नाही. दिवसा लागतो. रात्रीही चालू असतो.

आपली,
साक्षीदार क्रमांक १ ची नणंद
भांडुप, मुंबई